दहा ते अकरा, मालन मावशी

सहदेव नाखवा पुलांची वेळापत्रकं बनवतो. ठाण्यातल्या एका कंत्राटदार कंपनीत तो प्लॅनिंग इंजिनिअर आहे. कुठला खांब कधी उभा राहील, त्यावर गर्डर कधी चढेल, एक काम अडलं तर पुढची किती कामं अडतील, हे तो आडव्या रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यात मांडतो. पूल उशिरा होतात. तक्ता मात्र चुकत नाही, कारण उशीर कुणामुळे झाला तेही त्यात दिसतं.

राहायला तो डोंबिवली पश्चिमेला, कोपरला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. बायको वर्षाली, अकरावीतली मुलगी प्राप्ती आणि आई जनाबाई. हे मूळचे कोपरीचे, ठाण्याच्या खाडीवरचे कोळी. वडील धोंडीबा होते तोवर मिठबंदरावर त्यांची होडी होती. ते गेल्यावर होडी विकली, जुनं घरही सोडलं. जनाबाई मुलाबरोबर कोपरला आली. खिडकीतून खाडी दिसत नाही, पण वारा तिकडून आला की तिला कळतं.

चार वर्षांत घरातलं कुणी सहलीला गेलं नव्हतं. दर दिवाळीला ठरायचं आणि मोडायचं. शेवटी वर्षाली म्हणाली, "अहो, लोकांच्या पुलांना तुमच्याकडे वेळ आहे. आमचापण एक तक्ता काढा की. बघू, आम्ही तरी वेळेत पूर्ण होतो का."

ती थट्टा होती. सहदेवने ती मनावर घेतली.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये बैठक झाली. त्याने प्रत्येकाला विचारलं, तुला सहलीतून नक्की काय हवं, एकच सांग. प्राप्तीला समुद्रातला किल्ला बघायचा होता. वर्षालीला दोन दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नव्हतं. जनाबाई भिंतीला टेकून मेथी निवडत होती. ती म्हणाली, "मना मालूला भेटायचं हाय."

मालू म्हणजे मालन, तिची धाकटी बहीण. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावरच्या एका वाडीत तिला दिलेली. दोघींची भेट सहा वर्षांपूर्वी धोंडीबाच्या कार्याला झाली, ती शेवटची. नंतर मालनचा नवरा साईनाथ अर्धांगाने अंथरुणाला खिळला. त्याला उचलणं, भरवणं, कूस बदलणं सगळं तीच करते. ती वाडी सोडून रात्रभर कुठे राहू शकत नाही. म्हणजे भेट व्हायची तर जनाबाईनेच जायला हवं होतं, आणि जनाबाईचं वय शहात्तर.

सहदेवने तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. आठ दिवसांनी मोठ्या कागदावर छापलेला तक्ता फ्रिजवर लागला. पहाटे साडेचारला निघणे. पावणेसहाला पहिला थांबा. दहा ते अकरा, मालन मावशी. साडेबारा, खाणावळीत जेवण. तिथे सकाळी कळवावं लागतं, तेवढ्याच माणसांचं शिजतं. तीनला किल्ल्याची बोट. संध्याकाळी सहा ते पावणेआठ राखीव वेळ, वाटेत काही अडलं तर भरून काढायला. बाजूला छोट्या अक्षरांत धोक्यांची यादी होती: घाटात ट्रॅफिक, गाडीचा टायर, प्राप्तीला उलटी, आईचे गुडघे.

"बाबा, टॉयलेटलापण स्लॉट आहे?" प्राप्तीने विचारलं.

"आहे ना. पंधरा मिनिटं. तीन वेळा."

"आणि चौथ्यांदा लागली तर?"

"तर किल्ल्यातली पंधरा मिनिटं कापली जातील. तुझीच."

"आजी, ऐकलंस? धरून बस हां."

सगळे हसले, जनाबाईपण हसली. मग तिने विचारलं, "त्या दिशी तिथ कंची रं?"

"शनिवार आहे, आई."

"शनवार ठावं हाय. तिथ?"

"आपण काय लग्नाला चाललोय? तिथी कशाला पाहिजे?"

जनाबाई त्याही दिवशी मेथी घेऊन बसली होती. तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि आत गेली.

या क्षणाकडे सहदेव पुन्हा पुन्हा परत जातो. कारण तिने काय विचारलं होतं ते समजायला तो परका नव्हता. धोंडीबाने त्याला शाळेत पाढे यायच्या आधी हा हिशेब शिकवलेला: तिथीचे पाऊणपट करायचे, तितक्या वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. कोळ्याच्या घरात कुठलंही निघणं आधी या गणितातून जायचं. होडी काढायची असो, नाहीतर पाहुण्याकडे जायचं असो, कारण पाणी खाली असताना घरात कुणी सापडत नाही. बाप्ये होडीवर, बाया खडकांवर शिंपल्या-कालवं काढायला. हे त्याला माहीत होतं. धोक्यांच्या यादीत त्याने टायर लिहिला आणि समुद्र लिहिला नाही.

त्या शनिवारी कार्तिकातली षष्ठी होती. सहाचे पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाला सुकती.

गाडी तक्त्याप्रमाणे धावली. दहाला पाच मिनिटं असताना ते मालनच्या दारात होते. जनाबाईने नवं लुगडं नेसलेलं आणि तसंच दुसरं, हिरवं, बहिणीसाठी पिशवीत घेतलेलं. दार मालनच्या सुनेने, कल्पिताने उघडलं. आतल्या खाटेवरून साईनाथने मान हलवली.

"आई कालवांना गेली," कल्पिता म्हणाली. "पहाटंच बोलली, बाय येतेय, तिला ताजी कालवं खिलवायची. बसा ना. येलच."

"किती वाजता येतील?" सहदेवने विचारलं.

"पानी फिरलं, भरती लागली का येल."

"हो, पण साधारण किती?"

कल्पिताने त्याच्याकडे पाहिलं. कोळ्याच्या घरातला माणूस हे विचारतो याचं तिला नवल वाटलं असावं. "पानी फिरलं का," ती पुन्हा म्हणाली.

"फोन लावून बघू?"

तिने फळीकडे बोट दाखवलं. मालनचा फोन तिथेच पडलेला होता.

ते बसले. कल्पिताने चहा दिला. जनाबाईने साईनाथच्या उशाशी बसून त्याचा हात हातात घेतला, त्याच्याशी कोपरीच्या माणसांबद्दल बोलली. प्राप्ती अंगणात कोंबड्यांचे फोटो काढत होती. जनाबाई मध्येच उठून दारात जायची. तिथून खडकांची रांग दिसत होती, आणि रांगेवर वाकलेल्या चार-पाच बाया. इतक्या लांबून सगळ्या सारख्याच.

"ती निळ्या फडक्याची मालू हाय," जनाबाई म्हणाली.

"कशावरून?" वर्षालीने विचारलं.

"वाकते कशी बघ. गुडघं न मोडता."

अकरा वाजले. सहदेव उठला. अकरा पाचला गाडी सुरू केली. जनाबाई दारातच उभी होती.

"थांबूया का वाईच?" तिने विचारलं. एकदाच.

"आई, जेवण सांगितलंय. पुढे बोट आहे. परत येताना वेळ मिळाला तर बघू."

परतीचा रस्ता दुसरा होता, तेही तक्त्यात होतं. तो तक्ता फ्रिजवर आठ दिवस लागलेला. जनाबाईला वाचता येत होतं. तिने लुगड्याची पिशवी कल्पिताच्या हातात दिली, आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. वर्षाली सहदेवला हळूच म्हणाली, "अहो, शेवटी तो राखीव वेळ आहे ना? त्यातला घ्या."

"तो शेवटासाठी असतो," सहदेव म्हणाला. "सुरुवातीलाच वापरला तर पुढे काही झाल्यावर काय करायचं?"

पुढे काहीही झालं नाही. खाणावळीत पानं मांडलेली होती. बोट वेळेत सुटली. प्राप्तीने किल्ला पाहिला. सहा वाजता ते हॉटेलवर पोचले आणि पावणेआठपर्यंत कुणाला काही काम नव्हतं. पावणेदोन तास पूर्ण शिल्लक राहिले. सहदेव त्या वेळात खोलीच्या बाहेर येरझाऱ्या घालत होता. जनाबाई हॉटेलच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर समुद्राकडे पाठ करून बसली होती. तो म्हणाला, तिकडे तोंड करून बस ना. ती म्हणाली, वारा लागतो.

मधल्या काळात एकच गोष्ट झाली होती. जेवण चालू असताना जनाबाईचा फोन वाजला. मालन होती. ती पावणेबाराला टोपली भरून घरी आलेली. पलीकडचा आवाज मोठा होता, टेबलावर सगळ्यांना ऐकू आला.

"बाय, येक तास? येक तासासाठी आलेलीस?"

जनाबाई काही बोलायच्या आत फोन बंद झाला. त्यानंतर मालनने तिचा फोन घेतला नाही. दर दोन दिवसांनी जनाबाई लावायची, कल्पिता उचलायची. "आई कामात हाय," म्हणायची. पाठीमागे मालन भांडी हलवत असल्याचा आवाज यायचा.

घरी परतल्यावर सवयीने सहदेवने अहवालही लिहिला. काम संपलं की तो लिहितोच. मालन मावशी या ओळीपुढे त्याने 'पूर्ण' लिहिलं, कारण दहा ते अकरा ते तिच्या घरी होते. पट्टी हिरवी झाली. ऑफिसातल्या केतनने तो तक्ता पाहिला आणि म्हणाला, "सर, शंभर टक्के! आपला एक पूल असा झाला असता तर." सहदेवला त्या दिवशी बरं वाटलं. हेही तो विसरत नाही.

जानेवारीत जनाबाई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आत स्क्रू घातले. वॉकर धरून ती हॉलपर्यंत येऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं की पाच तास गाडीत बसणं आता जमायचं नाही. सहदेवने विचारलं, कधीपर्यंत? डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदांकडे बघत म्हटलं, "या वयात तारीख नाही सांगता येत."

त्या संध्याकाळी जनाबाई म्हणाली, "आता मालूला बोल नग लावू. तिला येता येनार नाय, मना जाता येनार नाय. कुनाचाच दोष नाय." एवढं बोलून तिने टीव्ही लावायला सांगितला. दोष नाही असं तिने म्हटल्यामुळे सहदेवची झोप पहिल्यांदाच उडाली.

फाल्गुनात तो एकटाच निघाला. आदल्या दिवशी कॅलेंडर भिंतीवरून काढून आईच्या पलंगावर बसला. "उद्या वद्य पंचमी," तो म्हणाला. "पावणेचारला भरती. सुकती पावणेदहाला."

जनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "बाप खूस झाला असता," ती म्हणाली. मग भिंतीकडे वळून, "आदी बोलला असतास तर."

तो पोचला तेव्हा मालन खडकांवरच होती. सहदेव अंगणातल्या ओट्यावर बसून राहिला. कल्पिताने विचारलं, फोन करून बोलावू का, आता आई बरोबर नेते. तो नको म्हणाला. अकराच्या सुमारास पाणी खडकांवर चढू लागलं, बाया एकेक करत वर आल्या. निळं फडकं बांधलेली बाई गुडघे न मोडता टोपली खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुझा ताईम झाला नाय अजून?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

"बाय कुठं हाय?"

कल्पिताने तिला हाड मोडल्याचं सांगितलं होतं. तरी तिने गाडीकडे पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. ती ओट्यावर टेकली. "त्या दिशी मी तीन वेळा टोपली भरली," ती म्हणाली. "बायला मोठी मोठी लागतात. बारकी परत टाकून दिली. त्याच्यात उशीर झाला. नायतर मी साडेदहालाच वर येत होते."

मालनने साईनाथची कूस बदलली, त्याला पाणी पाजलं, मग चूल पेटवली. वाटण तिने स्वतः केलं. सहदेव जेवला. जेवताना ती समोर बसून त्याचं ताट बघत होती. नंतर त्याने आईला फोन लावून तिच्या हातात दिला.

"बाय," मालन म्हणाली.

"मालू."

"कंबर कशी?"

"हाय."

"लुगरा नेसले मी होलीला."

"बरं केलंस."

फोन मालनच्या कानाला तसाच होता. दोन्हीकडून श्वास ऐकू येत असावा. खूप वेळाने तिने फोन सहदेवला दिला आणि पदराने हात पुसले.

तिने कालवणाचा डबा बर्फात ठेवून दिला. दिवेलागणीला तो कोपरला पोचला. वर्षालीने गरम करून वाटी जनाबाईपुढे ठेवली. तिने एक कालव खाल्लं, दुसरं खाल्लं.

"मोठी मोठी बघून दिलीत," ती म्हणाली. तिसरं तिने बोटांत धरून ठेवलं. "तवा पन अशीच असनार."

रविवारी सकाळी सहदेवने सहलीची फाइल उघडली. मालन मावशी या ओळीपुढचं 'पूर्ण' खोडलं. पट्टीचा हिरवा रंग गेला. ओळ अपूर्ण राहिली की ते सॉफ्टवेअर पूर्ण होण्याची नवी तारीख मागतं. तारखेचा चौकोन उघडला आणि त्यात रेघ लुकलुकत राहिली. आतून वॉकरचा आवाज आला. जनाबाई एकेक पाऊल टाकत हॉलकडे येत होती. सहदेव उठला नाही, तिला घाईही केली नाही. ती खुर्चीपर्यंत पोचून बसेपर्यंत तो त्या रिकाम्या चौकोनासमोर हात मांडीवर ठेवून थांबून राहिला.