सर्वे म्हणायचं नाही!

समाजशास्त्राच्या प्राध्यापकाकडे किस्से आपोआप साठतात. आम्ही विचारतो एक, लोक सांगतात भलतंच! यंदाचे किस्से मात्र झोप उडवणारे आहेत. माझी विद्यार्थिनी सुवर्णा निफाडकडच्या एका गावात पीएच.डी. करतेय. द्राक्षबागा आल्यावर घरं कशी बदलली, हा विषय. मी तिची गाईड. गाव बोललं नाही तर तिची पीएच.डी. बुडाली!

*

पहिल्याच दिवशी सुवर्णा पारावर म्हणाली, "आम्ही सर्वेसाठी आलोय."

पार रिकामा! नव्या रस्त्यासाठी जमिनी मोजायला माणसं येऊन गेली होती, तीही सर्वेच म्हणाली होती. एक दादा जाता जाता हात जोडून म्हणाले, "बाई, रस्ता वरच्या अंगानं न्या. आमची बाग नका मोजू."



*

पुढच्या खेपेला मी बजावलं, सर्वे म्हणायचं नाही, नुसत्या गप्पा मारायच्या. सुवर्णाने एका काकूंना गोडीत विचारलं, "घरात कोण कोण असतं? शेती किती? मुलगा किती शिकलाय?"

काकू आत गेल्या, पोहे टाकले, आणि मुलाला नवा शर्ट घालून बाहेर आणलं! "लय गुणाचा हाय. सुपारीचंबी व्यसन नाय."

सुवर्णा रडकुंडीला आली. मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. आता या घरातही परत कसं जायचं?

*

प्राचार्य म्हणाले, "एवढं टेन्शन कशाला? गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाका!"

टाकले. एकच उत्तर आलं. "रस्ता कुठून जानार ते आधी सांगा."

*

शेवटी सरपंचांच्या आईने ओट्यावर बसवून घेतलं. त्या बोलल्या की गाव बोलेल, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्या मलाच म्हणाल्या, "आधी मी इचारनार. बाई, तू कुठली?"

"नाशिकचीच."

"शेती?"

"होती. फुलांचा मळा होता. शेवंती, गुलाब. आता तिथे बिल्डिंगा आहेत."

आजी जवळ सरकल्या. "मोजनीवाले आले, तवा तुझी आई काय म्हनली? ते सांग. मंग मी बोलते."

सुवर्णाने मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि मोबाईल माझ्यासमोर ठेवला.