नैवेद्याची गोळी

माझी बायको सुमन गेली त्यानंतरच्या वर्षभरात मी देवाकडे काही मागितलं नाही. रागानं नव्हे. मागायलासुद्धा थोडं बळ लागतं, तेवढं माझ्यात उरलं नव्हतं. मी इंदापूरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघं आणि पुस्तकं. काविळीचं निमित्त होऊन ती गेली आणि मागे नुसती पुस्तकं राहिली. माझे थोरले बंधू, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते मला कळसला आपल्या घरी घेऊन गेले. तिथून मी रोज एसटीनं शाळेला जाऊ लागलो. वाचायला बसलो की एकाच पानावर तास निघून जाई आणि पान उलटायचं राहून जाई. शाळा सुटल्यावर स्टँडमागच्या देशी दारूच्या दुकानात कधी जायला लागलो, ते मला नीट आठवत नाही. आवडीनं गेलो नाही एवढं खरं. थकलेला माणूस वाटेतल्या पारावर टेकतो, तसा तिथं टेकलो आणि मग उठवेना.

आबांनीच मला बारामतीला नेलं. पुण्याहून आठवड्यातून एकदा मनाच्या आजारांचे एक डॉक्टर तिथे येत. त्यांनी पुष्कळ वेळ ऐकून घेतलं. दारू सोडताना त्रास होऊ नये म्हणून पहिल्या काही दिवसांची औषधं वेगळी दिली, आणि रोज सकाळी घ्यायची एक गोळी सांगितली. म्हणाले, "मास्तर, ही उदासीवरची गोळी आहे. हिनं काहींची दारूची ओढही कमी होते, काहींची होत नाही. मी वचन देत नाही. पण आपल्या मनानं ती बंद करू नका."

काही आठवड्यांनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी मी एसटीत बसलो, गाडी गावाबाहेर पडली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी त्या दुकानावरून आलो आणि थांबलो नाही. निश्चय वगैरे काही केला नव्हता. दारूची हाक गेली नव्हती, पण ती लांबून येत होती. शेजारच्या घरात कुणी दुसऱ्याच कुणाला बोलवावं तशी. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी जेवताना भाकरी परत मागितली. वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

आबांना तर आनंद मावेना. आमचं कुलदैवत खंडोबा. घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आहे, पण शपथ अजून भंडाऱ्याचीच. देवापुढची हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. आबांनी मला देव्हाऱ्यापुढे बसवलं. "उचल भंडारा. म्हण, नशेची कुठलीच चीज तोंडात घालणार न्हाय." मी म्हटलं. मनापासून म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीला हात घातला, तर आबांनी मनगट धरलं.

"ही बी डोक्याचीच हाय की. पहिल्या पहिल्यांदा कशी गुंगी यायची तुला? भंडारा उचललाय आता."

"अवं, पण डॉक्टरनं दिलीया ती," वहिनी चुलीपुढून म्हणाल्या.

"डॉक्टर मोठा का देव मोठा?"

मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यात माझा जन्म गेला, पण नशा म्हणजे काय आणि औषध म्हणजे काय हे माझ्या भावाला सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. शिवाय त्यांच्या हातात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. वहिनींनी गोळ्यांच्या पट्ट्या मुकाट्यानं उचलून नेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग पान पुन्हा उलटेनासं झालं. जेवण तोंडात फिरू लागलं. आणि ती हाक एकेक घर ओलांडत माझ्या उंबऱ्यापाशी आली. भंडाऱ्याचा धाक होता म्हणून मी दात आवळून राहिलो, पण धाकावर माणूस किती दिवस जगेल? उसाचा हंगाम चालू होता. एका सुटीच्या दिवशी, शाळेसाठी पुस्तकं आणायची आहेत असं सांगून मी बारामतीची एसटी धरली. शब्द मोडायचाच तर ओळखीच्या गावात नको, एवढाच विचार होता. पिशवीत पाण्याची बाटली घेतली होती, दारूत घालायला. भंडारा मोडल्यावर आबांना तोंड दाखवायचं नाही, हेही ठरलं होतं. परतीचा विचार मनात कुठेच नव्हता. त्याचा अर्थ मला कळत होता, आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

काटेवाडीच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ताभर ऊस पसरलेला, गाड्यांची रांग लागलेली. माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. मांडीवर नारळाची पिशवी. मोरगावला चतुर्थीला निघाल्या होत्या.

"घ्या! गणपतीनंच ऊस आडवा टाकलाय. म्हनतोय, सावकाश या, म्या कुठं चाललोय," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "दादा, पानी हाय का घोटभर? गोळीची येळ झाली."

मी बाटली दिली. त्यांनी कनवटीची एक छोटी डबी काढली. डबीत भंडारा होता. गोळी तळहातावर ठेवून तिच्यावर चिमूटभर भंडारा टाकला, डोळे मिटून ती पुढे धरली, कपाळाला लावली आणि मग गिळली. मी बघत राहिलो.

"काय बघताय? फिटा येत्यात मला," त्या म्हणाल्या. "आमच्या जावंला वाटायचं अंगात येतंय. ती म्हनायची, गोळी खाल्ली तर देव कोपंल. म्हनलं, कोपतो का बघू तरी. आदी त्यालाच दावली. निवद दावल्यावर ते आपलं ऱ्हातं व्हय? परसाद झाला. परसादाला न्हाय कोन म्हनंल?" बाटलीचं टोपण लावत पुढे म्हणाल्या, "म्हातारा म्हनतो, गोळीनं तुजी जीभ लई चालाय लागली. म्हनलं, जीभ आदीपास्नंच चालती, तुमाला ऐकू आता याय लागलंय."

मी हसलो. किती दिवसांनी, कोण जाणे. हसता हसता खिडकीकडे तोंड केलं. बाहेर माणसं ऊस गोळा करत होती. रस्ता मोकळा झाला. बारामतीला त्या मोरगावच्या गाडीकडे गेल्या. जाताना बाटली परत द्यायला विसरल्या नाहीत. तळाशी थोडं पाणी होतं. मी स्टँडवरच्या बाकावर बसून ते पाणी प्यायलो, नुसतंच, आणि समोर लागलेल्या कळसकडच्या गाडीत चढलो. याहून जास्त मला काही सांगता येणार नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पुस्तकं कुठं आहेत असं आबांनी विचारलं नाही. माझं तोंड बघूनच ते उठून उभे राहिले. मी वहिनींना विचारलं, "त्या गोळ्या टाकल्या का?"

वहिनींनी आधी आबांकडे पाहिलं. मग आत जाऊन देव्हाऱ्यातले खंडोबाचे टाक हलके बाजूला केले आणि मागून पट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर हळदीचा पिवळा हात लागलेला.

"औशद हाय, उकिरड्यावर टाकवंना. आन ह्यांच्या भ्यानं फळीवर ठिवता येईना. म्हनलं, देवापाशी ऱ्हाऊ द्यात. रोजच्या पूजंत त्यांच्यावर बी भंडारा पडत व्हता."

एवढ्या दिवसांत देवाला नैवेद्य दाखवून झालाच होता. आम्हालाच ठाऊक नव्हतं. बसमधल्या बाईंची गोष्ट मी सांगितली. आबांनी त्यातली एक पिवळी पट्टी तळहातावर घेतली. मग म्हणाले, "मंजी देवानं जपून ठिवल्या, आन मी काढून घेत व्हतो."

डॉक्टर यायच्या वारी ते स्वतः माझ्याबरोबर आले आणि गोळी बंद केल्याबद्दल मला बसणारी बोलणी त्यांनी खाल्ली. गोळी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर रोज सकाळी आबाच ती देव्हाऱ्यापुढे धरत आणि माझ्या हातावर ठेवत. हाक पुन्हा हळूहळू लांब गेली. पुढे डॉक्टरांनीच गोळी बेताबेतानं कमी केली. ओढ गोळीनं गेली, भंडाऱ्यानं गेली की आबांच्या हातानं, याचा हिशोब मी मांडत नाही. सुमनचं दुःख गेलं नाही. ते जायला नकोही आहे. पण आता ते मला शुद्धीत भेटतं.

मोरगावला नंतर अनेक चतुर्थ्यांना गेलो. त्या बाई दिसल्या नाहीत. शरण जाणं म्हणजे सगळं सोडून देणं, असं मी पुस्तकांतून समजत आलो होतो. आता वाटतं, समोर येईल ते उघड्या तळहातावर घेता येणं, एवढंच ते असावं. आबांना अलीकडे रक्तदाबाची गोळी लागली आहे. सकाळी ते ती देवापुढे धरतात, माझ्याकडे बघतात, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे करतो.