चालली ती असली, अडली ती नकली

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. आरोपीवर नाही, फिर्यादीवर नाही, माझ्या स्वतःवर. तीसेक वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांची एवढी चीड येत नाही. या चकचकीत चकत्यांची येते.

नावं कुणाचीच सांगणार नाही. ठाणं अकोल्यातलं होतं, एवढं पुरे. अमरावतीहून माझी तिथे नुकतीच बदली झाली होती आणि मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. मोबाइलवर सिनेमा पाहायची सोय अजून यायची होती. डीव्हीडी जुनी होत चालली होती आणि तिच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र दाखवणारी ब्ल्यू-रे डिस्क आपल्या भागात पोचली होती. दिसायला डीव्हीडीसारखीच, पण किंमत ऐकून गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं. जुन्या शहरात पन्नाशीच्या एका माणसाचं डिस्कचं दुकान होतं. आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, मग डीव्हीडी, असं त्याचं आयुष्य त्या गाळ्यात गेलेलं. दारावर पाटी होती : ‘येथे नकली माल मिळणार नाही. मागून लाजवू नये.’ पाटी वाचून लोक हसायचे, पण त्याच्या शब्दावर माल न्यायचे.

एका सकाळी अकोटकडचा एक फूलवाला शेतकरी ठाण्यात आला. झेंडू-शेवंती लावणारं सुखवस्तू घर. एसटीतून उतरून सरळ आलेला, आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेला डिस्क प्लेअर. त्याने भला मोठा टीव्ही घेतला होता, कुठूनतरी स्वस्तात हा बिननावाचा प्लेअर आणला होता आणि या दुकानातून अर्धा डझन डिस्क नेल्या होत्या. त्यातल्या तीन चालायच्या, तीन चालायच्या नाहीत.

“साहेब, मी अर्धं गाव आंगणात बसवलं होतं,” तो म्हणाला. “चहा पाजला सगळ्यायले. डिस्क लावली, तं पडद्यावर नुसती पाटी, चालत नाही म्हणून. पोट्टे हासून राहिले ना जी मले!”

दुकानदाराकडे गेला तर तो म्हणे, डिस्क असली आहे, तुमचं मशीनच बिघडलंय. भांडण झालं. आणि नेमक्या त्याच दुपारी माझा एक खबऱ्या आला. नदीच्या पलीकडे त्याचाही डिस्कचा धंदा होता. तो कानाशी लागून म्हणाला, “साहेब, तो पाटीवाला बाहेरून साधू आहे. आतून सगळा डुप्लिकेट माल. धाड टाका, सापडन.” मला वाटलं, वा! फिर्याद आणि खबर एकाच दिवशी. हातात आयती केस आली म्हणून मी खूश झालो. असा खूश झालेला अधिकारी फार धोक्याचा असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही छापा घातला. दोन पंच घेतले, एक शेजारचा भाजीवाला, दुसरा समोरचा शिंपी. दुकानातल्या डिस्क आणि दुकानदाराचा स्वतःचा प्लेअर जप्त केला, प्लेअर बांधून त्याला लाखेचं सील मारलं. मग ठाण्यात आणून पंचांसमक्ष खात्री करायची ठरवली. खात्री केल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही. आता असली कोणती आणि नकली कोणती, हे ओळखायचं कसं? मी म्हणालो, त्यात काय कठीण? फिर्यादीचा प्लेअर इथेच आहे. त्यात लावा. चालली ती असली, अडली ती नकली.

आज हे लिहितानाही कपाळावर हात मारावासा वाटतो.

ठाण्यातल्या टीव्हीला तो प्लेअर जोडला. हवालदाराने एकेक डिस्क घातली, पंचांनी माना डोलावल्या, लेखनिकाने लिहून घेतलं. जुन्या डिस्क चालल्या. नव्या आलेल्या सगळ्या अडल्या. फिर्यादीच्या पिशवीत खबऱ्याच्या दुकानातली, नव्याच सिनेमाची एक डिस्क होती, तिच्यावर साध्या कागदाचं लेबल, तेही तिरपं चिकटवलेलं. ती अशी झकास चालली की दोन्ही पंच गाणं संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. मी लिहायला सांगितलं, ‘नमुना क्रमांक सात : असली.’ खाली माझी सही. ती सही अजून कुठल्यातरी दप्तरात असेल.

दुकानदाराला अटक केली. कोठडीतून काढून त्याला समोर बसवलं आणि विचारलं, “माल कुठून आणतो?”

“कंपनीकडून, साहेब.”

“मग काहून नाही चालत?”

“फूलवाल्याच्या मशीनची चाबी रद्द झाली असन.”

मी टेबलावर हात आपटला. “कसली चाबी? त्या डब्याले कुलूप तरी कुठं हाये?”

“आत असते ना साहेब. दिसत नाही. असली डिस्कवर कुलूप असते, कोणी कॉपी करू नये म्हणून. कंपनीनं परवाना दिलेल्या मशीनमंधी ते उघडाची चाबी असते. एखादी चाबी चोरांच्या हाती लागली तं कंपनी ती रद्द करते. मंग नवी डिस्क त्या मशीनले जुमानत नाही. जुनी चालते.”

मला हे सरळ सरळ थापा मारणं वाटलं. इतका गुळगुळीत खुलासा तयार ठेवणारा माणूस मुरलेला असतो, असा माझा अनुभव होता. आणि कहर म्हणजे आमच्या लेखनिकाने आपल्या हुशारीने जबाबाखाली शेरा मारला : ‘आरोपी सांगतो त्या चावीचा प्लेअर उलटा करून शोध घेतला, मिळून आली नाही.’ मी तो वाचला. वाचून खाली सही केली!

“साहेब, एक काम करा,” तो हात जोडून म्हणाला, “माहं मशीन तुमच्याकडेच हाये. त्याच्यात लावून पाहा. पाच मिनिटाचं काम.”

“ते सीलबंद मुद्देमाल हाये. असं कसं फोडता येईन?”

कायद्याने तेव्हा मी बरोबरच होतो. सील फोडायचं तर पुन्हा पंच, पुन्हा पंचनामा, कारण लिहून ठेवा. पण खरं सांगायचं तर मला ते फोडायचंच नव्हतं. माझी केस सुरेख बसली होती आणि मला तिला हलवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. ती रडली नाही, ओरडली नाही. मला पाहून एवढंच म्हणाली, “यायनं कधी खोटी डिस्क विकली नाही जी. गल्लीत लोक आता पाटी वाचून दाखवते मले.” मी म्हणालो, तपास चालू आहे बाई. हे वाक्य आम्हा लोकांना कुठेही चालतं.

कोठडीच्या शेवटच्या दिवशी कंपनीचा प्रतिनिधी नागपूरहून आला. माल नकली असल्याचा त्याचा दाखला मिळाला की माझं काम फत्ते. फूलवालाही आला होता. प्रतिनिधी तरुण, टाय लावलेला, घाईत. त्याने जप्त डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. “या तर आमच्याच वाटतात,” तो म्हणाला.

“वाटू द्या. चालत नाहीत,” मी म्हणालो.

त्याने बॅगेतून स्वतः आणलेली नवी डिस्क काढली, पंचांसमोर प्लास्टिकचं वेष्टन फाडलं आणि फूलवाल्याच्या प्लेअरमध्ये घातली. ‘असली डिस्क कशी दिसते ते बघा,’ असं त्याला दाखवायचं होतं. पडद्यावर तीच पाटी आली. ‘डिस्क चालवता येत नाही.’

भाजीवाला पंच मला विचारतो, “साहेब, हे बी नकली लिहायचं का?”

प्रतिनिधीने प्लेअर उलटा केला, खालचा क्रमांक वाचला आणि हसायला लागला. मला त्याला टाय धरून बाहेर काढावंसं वाटलं. मग त्याने सांगितलं ते शब्दाशब्दाने दुकानदाराचंच म्हणणं होतं. असल्या स्वस्त प्लेअरमध्ये दुसऱ्या कंपनीची, बाहेर फुटलेली चावी बसवलेली असते. चोर तीच चावी वापरून धडाधड कॉप्या काढतात, म्हणून कंपन्यांनी ती रद्द केली. एसटीच्या रद्द पासांची यादी कंडक्टरकडे असते ना, तशी काहीशी व्यवस्था प्रत्येक नव्या डिस्कमध्ये असते. जुन्या डिस्कला त्याची खबरच नाही, म्हणून ती चालते. आणि कॉपीवर कुलूपच नसतं, म्हणून ती कुठेही चालते.

म्हणजे आमची परीक्षा नेमकी उलटी होती. त्या प्लेअरवर जी नवी डिस्क अडली ती असली. जी नवी असूनही बिनबोभाट चालली, ती माझ्या सहीची, नमुना क्रमांक सात.

त्याच बैठकीत पंचनामा करून मी दुकानदाराच्या प्लेअरचं सील फोडलं. एकूण एक डिस्क चालली. बरोबर पाच मिनिटं लागली. फूलवाला माझ्याकडे आणि मी भिंतीकडे पाहत होतो. “अन् मी त्याले भर बाजारात चोट्टा म्हणलो,” तो पुटपुटला. निदान त्याने म्हटलं तरी. मी त्या पाच मिनिटांसाठी एका माणसाला तीन दिवस आत ठेवलं होतं.

कलम १६९ चा अहवाल लिहून त्याला सोडला. ‘पुरावा मिळून न आल्याने’ असा छापील शब्द आहे. ‘तपासी अधिकाऱ्याने ऐकून न घेतल्याने’ असा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. मग खबऱ्याच्या दुकानावर गेलो, तर फळ्या रिकाम्या, झाडून पुसून लख्ख. आमच्याच ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवरून त्याला खबर गेली होती. गालात हसून म्हणतो कसा, “साहेब, माहा माल तं तुमच्याच पंचनाम्यात असली निघाला ना?” काय बोलणार, कप्पाळ!

न्यायालयाचा आदेश झाला आणि मी दुकानदाराला माल न्यायला बोलावलं. तो आला नाही. निरोप आला : जप्ती बाजारात केली, परतही बाजारातच करा. वरिष्ठ म्हणाले, अशी काही पद्धत नाही. माहीत होतं मला. तरी गणवेश घालून, तेच दोन पंच घेऊन, खोकी जीपमध्ये टाकून त्याच्या दुकानासमोर गेलो. डिस्क एकेक करून फळीवर मांडल्या आणि मोठ्याने बोललो, “हा सगळा माल असली हाये. हा माणूस खरा हाये. चूक आमची होती.”

दोन-चार जणांनी वळून पाहिलं. एका बाईने भाजीवाल्या पंचाला कोथिंबिरीचा भाव विचारला आणि तो गडबडीने आपल्या गाड्याकडे पळाला. शिंप्याने सही केली आणि मशीनवर जाऊन बसला. रस्ता चालू होता तसा चालू राहिला.

दुकानदार पायरीवर उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. “साहेब,” तो म्हणाला, “मले नेलं तवा तं इथं पाय ठेवाले जागा नव्हती. आज काहून कोणी थांबून नाही राहिलं?”

मी रिकामी खोकी उचलून जीपमध्ये ठेवली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. आरोपी म्हणेल तसं एकदा तपासून पाहायचं, मग ते कितीही खुळं वाटो, सील फोडावं लागो की पुन्हा पंच बोलवावे लागोत. हाताखालची पोरं वैतागायची. पण त्या नियमाने दोन-तीन माणसं तरी कोठडीतून वाचली, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. या माणसाला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. सहा महिन्यांनी त्याच्या दुकानावरून गेलो, तर शटर ओढलेलं होतं. त्याची बायको ओट्यावर बसली होती. मी विचारलं, धंदा काहून बंद केला? ती म्हणाली, “जो येईन तो पह्यले विचारे, असली हाये ना? यायले ते सहन नाही झालं.”