कोटाची पाठ

चाळीस मिनिटं म्हणजे काही फार नव्हेत, पण टाचणी ती गेले आठ महिने मनात घोळवत होती. सहलीच्या छापील पत्रकात पाचव्या दिवशी, दोन दुकानांच्या मध्ये कोंबलेली एक ओळ होती: जुन्या कपड्यांचं संग्रहालय, चाळीस मिनिटं. बाकीचे दिवस कुठं न्यायचं तिथं न्या, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या एका ओळीसाठी ती परदेशात आली होती, आणि त्या एका ओळीसाठी भोंगा या मैत्रिणीबरोबर एका खोलीत झोपायलाही तयार झाली होती.

टाचणी हे शाळेतलं नाव. अंगानं किडकिडीत आणि बोलणं टोचणारं, म्हणून पडलं ते पडलंच. तिघी एका बाकावरच्या. भोंग्यानं जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली; आवाज मैदानाच्या मापाचा, तो खोलीत मावायचा कसा? तिसरी चौकशी. दवाखान्याच्या खिडकीमागं बसून केसपेपर काढण्यात तिची नोकरी सरली. समोर माणूस दिसला की नाव, वय आणि कधीपासून होतंय हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं शहाणपणानं स्वतंत्र खोली घेतली होती.

पहिल्या चार दिवसांत टाचणीचं डोकं उठलं. बस साडेसातची असली की ही सात वाजल्यापासून सीटवर. भोंगा येणार पावणेआठला, मग चष्मा वर राहिला म्हणून परत जाणार. चौकशी खाली उतरून ड्रायव्हरला मुलं किती ते विचारणार, त्याला हिची भाषा येत नाही हे चार दिवसांत चारदा कळूनसुद्धा. आणि टूरवाला गाईड, तिशीतला पोरगा, बघणार मात्र टाचणीकडं. जणू या दोन म्हाताऱ्या हिनंच जन्माला घातल्या होत्या. टाचणी दरवेळी सगळ्या बसची माफी मागायची आणि रात्री दात-ओठ खात झोपायची.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं दोघींना बजावलं, आज माझी मिनिटं खाल्लीत तर याद राखा. दोघींनी देवाशप्पथ घेतली. भोंग्यानं तर शप्पथ घेता घेता नाश्त्याचं तिसरं ताट भरलं.

तर अकरा वाजता संग्रहालयाच्या दारात, बसमधून शेवटची पायरी उतरताना, भोंग्याच्या पँटची चेन फाटकन् तुटली. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली होती बाईनं. रनर एका बाजूनं निसटला आणि सगळी बाजू कमरेपासून उघडी पडली.

भोंगा म्हणाली, पिन लाव आणि सोड. पिन टाचणीच्या पर्समध्ये होती, एका मिनिटाचं काम होतं. पण चाळीस वर्षं जिन्याखालच्या शिलाईच्या दुकानात बसून चेनी बदललेला हात तो. पिन लावली तर चालताना उघडणार, मांडीला टोचणार, कापड फाडणार, हे सगळं तिला आधीच दिसायला लागलं. हात थांबेना. भोंग्याला बाथरूममध्ये कोंडून तिनं दारावरून पँट मागून घेतली आणि बेसिनपाशी उभ्याउभ्या चेनीचं तोंड उसवायला घेतलं. आतून भोंगा जोरजोरात विचारत होती की बाहेर कुणी पुरुष नाहीत ना. टाचणी टाके घालत होती आणि शिव्या देत होती, भोंग्याला, नाश्त्याला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला. नीटच करायचं हे जे खूळ आहे, त्यानं जन्म गेला, निदान आज तरी सोडायचं होतं.

घड्याळात अकरा चोवीस झाले.

संग्रहालयात एक कोट होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा नवरीचा, काळ्या लोकरीचा. त्याचं चित्र टाचणीनं विसाव्या वर्षी एका मासिकातून कापलं होतं. पुढून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध कापड, ना टक्स ना चुणी, आणि तरी कमरेत असा बसलेला की बघत राहावं. तिनं तो तीनदा शिवला. तिन्ही वेळा पुढची बाजू झकास बसायची, पण कधी, तर मागून कापड ओढून दोन टाके घातले तरच. तिचे वडील नावाजलेले शिंपी. त्यांनी कोट उलटा करून बघितला आणि म्हणाले, ही लबाडी आहे, खऱ्या कारागिराला मागून ओढावं लागत नाही. तुझा हात दुरुस्तीचा, नवं तुला जमायचं नाही. तिनं तिन्ही कोट आपल्या हातानं उसवले. पुढं दुकान काढलं, तेव्हा पाटीवर आपणहून लिहिलं: फक्त दुरुस्ती. तो कोट मागून कसा बसवलाय तेवढं एकदा बघायचं, हा ध्यास मात्र सुटला नाही.

चौकशीनं तोवर तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईला खाणाखुणांनी विचारविचारून कोटाची जागा काढून ठेवली होती. दुसरा मजला, शेवटची खोली. टाचणी धापा टाकत पोचली. कोट होता. चित्रातल्यासारखाच होता. आणि पाठ भिंतीकडं करून उभा होता, पुढं दोरी.

तिनं दोरीवरून मान लांब केली. खुर्चीवरची पहारेकरीण काहीतरी बोलली. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला. टाचणी मुकाट्यानं माफी मागून मागं सरली. दहा मिनिटं उरली होती. कोटाच्या पोटाकडं बघत ती उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण नेहमी अशाच मागं सरलो.

तेवढ्यात भोंगा आली. काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. ती थेट पहारेकरणीसमोर गेली, मैदानी आवाजात मराठीतच म्हणाली की बाई, ही आमची शिंपीण, आत्ता हे केलंय बघा, आणि कंबर वळवून चेन तिच्या नाकासमोर धरली. टाचणीला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पण पहारेकरणीनं वाकून टाके बघितले. बोट फिरवून बघितलं. मग टाचणीकडं बघितलं, उठली, दोरी वर उचलली आणि दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. वर आपली बॅटरीही दिली.

टाचणी भिंतीला चिकटून आत सरकली आणि उजेड पाठीवर पाडला.

कमरेपाशी कापडाच्या दोन घड्या ओढून घेतल्या होत्या. त्यांवर धावदोरा होता, नखाएवढे लांब टाके. काळ्या लोकरीवर पांढरा जाड दोरा. गाठ बाहेर लोंबत होती. नवरीच्या अंगावर कोट चढवून, बाहेर लोक थांबलेले असताना घाईघाईत घातलेले टाके होते ते. असं काम टाचणीनं दिलं असतं, तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढलं नसतं. तिची दोन मिनिटं संपली तरी ती हलेना, आणि पहारेकरणीनंही तिला हलवलं नाही.

बसला पंधरा मिनिटं उशीर झाला. गाईड दारात घड्याळ धरून उभा. "काकू, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. बसमधले चाळीस जण बघत होते. टाचणीनं माफी मागितली नाही. जाऊन खिडकीशी बसली आणि तिच्या डोळ्यांतून रागाचं पाणी वाहायला लागलं.

भोंग्यानं हळू आवाजात, तिला जमेल तितक्या हळू आवाजात, कोट वाईट होता का विचारलं. टाचणीनं मान हलवली. चांगला होता, म्हणाली, मागून ओढून टाचलेला होता, बस्स.

बस सुरू झाली. चौकशीनं सीटवरून वाकून विचारलं, "मग रडतेस कशाला? आनंदच व्हायला हवा."

"मी तीन कोट उसवले गं," टाचणी म्हणाली. "तिन्ही बरे झाले होते."