भिसे खिंडीत ऐकलेलं फुस्स

आधीच सांगून टाकते — मी पेणच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणणाऱ्या पोरांना मी त्याच चिंचेखाली उभं करून तेराचा पाढा म्हणायला लावलाय. (हडळ आली नाही. पाढा ऐकून पळाली असेल.) इथे लोक लिहितात ते भुताचे अनुभव मी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचते आणि एकटीच खिदळते. आज माझी पाळी. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा... पण शेवटपर्यंत थांबून हसा.

तर, गाडी. पस्तीस वर्षांची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली. हँडब्रेक नावापुरता. डावीकडचं पुढचं दार फक्त बाहेरून उघडतं. ही मूळ माझ्या थोरल्या मावशीच्या यजमानांची, म्हणजे अण्णाकाकांची. ते रोह्याचे. अण्णाकाका लांबच्या प्रवासात दर थोड्या अंतराने गाडी थांबवायचे, उतरून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचे, परत लावायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "तिला श्वास घेऊ दे जरा." आम्ही पोरं मागच्या सीटवर पोट धरून हसायचो.

अण्णाकाका गेले. त्यांच्या तेराव्याला, ऐन पंगतीत, माझी धाकटी मावशी — शालूमावशी — वाढता वाढता कुणाला तरी म्हणाली, "भावोजी तसे चांगले होते, पण अर्धे वेडेच. गाडीला श्वास घ्यायला लावायचे!" पंगत हसली. थोरली, इंदूमावशी, भाताचं पातेलं घेऊन तिच्या मागेच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चारचौघांत माझ्या नवऱ्याला वेडा म्हणालीस शालू." त्यानंतर अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक पेणला, एक रोह्याला. लग्नकार्यात भेटल्या तर एक जेवून उठेपर्यंत दुसरी ओट्यावर बसून राहायची.

गाडी इंदूमावशीने मला दिली. घर, शाळा, बाजार, एवढ्यात ती छान चालायची. लांब नेली की बारा-पंधरा किलोमीटरवर आचके द्यायची आणि बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. रामवाडीतल्या नथू मेस्त्रीकडे पाच खेपा घातल्या. पंप बदलला, फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला. नथूचा पेट्रोलच्या काट्यावर काडीचा विश्वास नाही. गाडी आली की तो आधी झाकण उघडून टाकीत वेताची काठी बुडवून बघतो, मग चक्कर मारतो. आणि चक्कर मारून दर वेळी तेच.

"नाय ओ बाई, गाडी टकाटक हाय. तुमीच कायतरी करताव."

"मी काय करते?"

"ते मला काय म्हायती? म्हशीलापन हात कळतो, ही तर गाडी."

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी रोह्याहून इंदूमावशीच्या सुनेचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलंय, आजचा दिवस जाईल की नाही सांगता येत नाही. आणि दोन दिवस गप्प असलेली इंदूमावशी पहाटे एकच वाक्य बोलली होती — "शालूला म्हणावं, यायचं तर आज ये."

शालूमावशी दहा मिनिटांत साडी बदलून तयार. मी रिक्षा ठरवते म्हटलं तर ऐकेना.

"त्यांच्याच गाडीतनं जायचं."

"मावशी, ती वाटेत बंद पडते गो."

"पडू दे. पण त्यांच्याच गाडीतनं."

मला कळलं. माफी तोंडातून निघत नव्हती, म्हणून ती गाडीतून न्यायची होती.

गडबच्या अलीकडे पहिला आचका. वीस मिनिटं. नागोठण्याच्या पुढे दुसरा. पुन्हा वीस मिनिटं. पाऊस असा की वायपर नुसता हात हलवून निरोप देत होता. मावशी मांडीवरच्या पिशवीतले पोह्याचे पापड मोजत बसली होती — इंदूमावशीला आवडतात म्हणून घेतलेले. जी बाई आज जाईल की उद्या, तिला पापड!

आणि मग भिसे खिंड. भर दुपार, साडेबारा. ऐन चढावर गाडीने मान टाकली.

आता नीट ऐका, कारण आमची कोंडी अशी होती की मुद्दाम रचायची म्हटली तरी जमली नसती. हँडब्रेक लागत नाही. गिअरमध्ये घातली तरी गाडी धक्के खात मागे सरकत होती आणि मागे वळण, वळणाखाली दरी. म्हणजे माझा पाय ब्रेकवरून हलायची सोय नाही. मावशी उतरून चाकाखाली दगड लावेल म्हणावं तर तिचं दार आतून उघडत नाही आणि त्या बाजूची काच उतरत नाही. माझ्या अंगावरून पलीकडे यावं तर वय चौऱ्याहत्तर आणि गुडघे दोन्ही नवे. मोबाईलला रेंज नाही. काचा वाफेने पांढऱ्या, त्यामुळे बाजूने जाणाऱ्या दोन गाड्यांनी हॉर्न मारून शिव्या दिल्या आणि निघून गेल्या. वीस मिनिटं झाली, तीस झाली. स्टार्टर मारून मारून बॅटरी घोगरी झाली. माझी पोटरी थरथरायला लागली.

"किती वाजले गो?"

"एक."

"ती जाईल गो... मी इथं डब्यात बसलेली असेन आणि ती जाईल."

डबा!

मंडळी, मी दर वर्षी सातवीला तेलाचा बंद डबा दाखवते. एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडून हवा आत जाऊ दिली की सरळ धार. बावीस वर्षं दाखवतेय! पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा शिरायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलेलं होतं. टाकी आतून ओढून धरत होती आणि पेट्रोल पुढे येत नव्हतं. नथू आधी झाकण उघडायचा आणि दुखणं तिथंच बरं करून मग तपासायचा. अण्णाकाका वेडे नव्हते. सगळ्या घराण्यात त्या गाडीचं खरं दुखणं त्यांना एकट्यालाच कळलं होतं.

मी हे ओरडूनच सांगितलं. आणि मग लक्षात आलं, उपाय पाठीमागे सहा हातांवर आहे आणि माझा पाय ब्रेकवर. झाकण चावीचं. चावी माझ्यासमोर, गाडीच्याच चावीबरोबर कडीत लटकतेय. आता हसायचं कोणावर?

मावशीने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत, पदर डोक्यावर घेऊन, समोर कोणी बसलंय अशा थाटात म्हणाली, "भावोजी, तुम्ही शहाणे होता. मीच मूर्ख. चारचौघांत तुम्हाला हसले, चुकलं माझं. बास? आता तिच्याकडे जाऊ द्या मला."

आणि मागून आवाज आला.

फुस्स्स्...

लांब, सावकाश. सोड्याची बाटली अगदी हळू उघडावी तसा. मागोमाग एक बारीक टक्. मावशीने माझं मनगट धरलं. आरशात नुसती वाफ. मला मान वळवून बघायचा धीर झाला नाही — हो, मला, चिंचेखाली पाढे म्हणायला लावणारीला! मी चावी फिरवली. बॅटरीत शेवटची धुगधुगी होती. गाडी एका दमात सुरू झाली आणि खिंड चढून, उतरून, रोह्यापर्यंत एक आचका न देता गेली.

दारात उतरल्या उतरल्या मी मागे जाऊन बघितलं. टाकीचं झाकण जागेवर होतं, पण नुसतं ठेवलेलं. दोन आटे फिरवून चावीने बंद होणारं झाकण बोटाने उचललं तर हातात आलं.

आत इंदूमावशी डोळे मिटून पडलेली. सून, दोन शेजारणी, औषधं द्यायला आलेला पुतण्या. शालूमावशी पिशवीसकट पलंगाशी उभी राहिली. इंदूमावशीने डोळे उघडले, तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली,

"खिंडीत म्हणालीस ते इथं म्हण. सगळ्यांसमोर."

शालूमावशीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, रेंजच नव्हती. मग ती म्हणाली. शब्द न् शब्द, तस्संच, चारचौघांत. इंदूमावशी "हं" म्हणाली आणि पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "पापड पेणचे ना? एक भाज."

ती त्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी झोपेत गेली. तोवर दोघी बोलतच होत्या.

नथू म्हणतो, झाकणाचा लॉक घासलाय, खड्ड्यांत ढिलं झालं असंल. असेल. पण अर्धा तास जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीत? माझे यजमान म्हणतात, थोरलीला धाकटीचा स्वभाव ठाऊक, वाटेत ती माफीची तालीम करणार हे तिने ओळखलं असेल. तेही असेल. पण "खिंडीत" कसं ओळखलं? ते मात्र इथे चष्मा पुसायला लागतात. मी सगळी गणितं मांडून बघितली आहेत.

नथूने झाकणाचं भोक सुईने मोकळं करून दिलं. गाडी आता कुठेच बंद पडत नाही. तरी शालूमावशी बरोबर असली की भिसे खिंडीत तिचा हात वर होतो. "थांब गो." मी थांबते, चाकाखाली दगड लावते, झाकण उघडते. आता फुस्स होत नाही, व्हायचं कारणच नाही. मावशी तरी आता दुरुस्त केलेली काच खाली करून कान देऊन बसते. बसते... आणि मग समाधानाने म्हणते,

"हं, चल. घेतला."