कागदावरची शिवणबाई

“आठ वर्षं मी ब्लाउज शिवत होते, फक्त मला कुणी कळवलं नव्हतं.”

साधना बिरारी हे जहिदाभाभींना एकदा म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

ती येवल्याची. बाप शिंपी. खडूची रेघ न मारता ती कापडात कात्री घालायची आणि बाप बघत राहायचा. दहावीनंतर तिने शिवणाचा डिप्लोमा केला. लग्न होऊन नाशकात आली तेव्हा सोबत स्वतःची पायमशीन होती.

तिच्या नवऱ्याच्या, भारतरावांच्या आजोबांनी लोकांच्या ओट्यांवर बसून कपडे शिवले. वडिलांनीही तेच केलं. भारतरावांनी मात्र रविवार कारंजावर कापडाचं दुकान टाकलं, आणि त्या दिवसापासून मशीनचा आवाज त्यांना सोसेनासा झाला. चारचौघांत कुणी बापाच्या नावाने हाक मारावी, तसा तो त्यांना लागायचा. साधना बाळंतपणाला माहेरी गेली होती तेवढ्यात त्यांनी मशीन विकली. ती परत आली तर त्या कोपऱ्यात फ्रिज होता.

“बिराऱ्यांची सून आता लोकांच्या चोळ्या बेतणार नाही,” एवढंच ते म्हणाले. ती रडली नाही. राग आला, तो तिने गिळला, आणि गिळलेला राग अंगात कुठे जाऊन बसतो हे तिला पुढे बरीच वर्षं कळत राहिलं.

एक्याण्णवपासून दर एप्रिलमध्ये तिला दुकानात सहीला बोलावणं यायचं. इन्कम टॅक्सचं रिटर्न पंधरा तारखेच्या आत भरायचं, हा भारतरावांचा अभिमान. “लोक जुलैत रांगेत घाम गाळतात. आपण एप्रिलमध्येच शिक्का घेऊन मोकळे,” असं ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. कागद आणायचे महेश वकील. काळा कोट त्यांच्या अंगावर कुणी पाहिला नव्हता, पण टॅक्सचं बघतात म्हणून बाजार त्यांना वकील म्हणायचा. जाडजूड फॉर्म ते असा दुमडायचे की खालची चार बोटांची पट्टी तेवढी दिसे. त्यावर पेन्सिलची फुली. साधना तिथे सही करायची आणि घरी जायची. घर आपल्या नावावर आहे, त्याचं काही असेल, असं तिला वाटायचं.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये जहिदाभाभी दुकानात आल्या. सातपूरला त्यांची शेड होती. कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश तिथे शिवले जात. खाकी कापड सारखं कमी पडत होतं आणि त्या भारतरावांशी मापावरून भांडत होत्या. साधना जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने न राहवून काउंटरवर कापड पसरलं, एका पॅंटचा बेत सरळ, दुसरीचा उलटा मांडून दाखवला. नगामागे वीतभर कापड वाचलं.

जहिदाभाभी बघतच राहिल्या. “कटिंगच्या टेबलावर मला अशीच बाई पाहिजे. कधी येतेस?”

“तिला कुठलं येतंय आता,” भारतराव म्हणाले. “पंधरा वर्षांत सुई धरली नाही तिने.”

“मी तुम्हाला नाही विचारलं, शेठ. एप्रिलच्या पंधरापर्यंत टेबल रिकामं ठेवते. नंतर दुसरी बघेन.”

घरी साधनाने विषय तीनदा काढला. तिन्ही वेळा भारतराव जेवणावरून उठले.

बारा एप्रिलला सहीचं बोलावणं आलं. यंदा घाई जास्त होती. कॉलेज रोडला दुसरं दुकान घ्यायचं होतं, त्याचं कर्ज साधनाच्या नावावर निघणार होतं, आणि बँकेला तिचं ताजं रिटर्न शिक्क्यासकट हवं होतं.

“वहिनी, तेवढी सही,” महेश वकिलांनी कागद पुढे केला. “आत्ताच टॅक्स ऑफिसात जातो. तिथले साहेब निवांत असतात या दिवसांत.”

पण सरकारने यंदा नवा फॉर्म काढला होता, एकपानी. दुमडायला जागाच नव्हती. साधनाने तो उचलला आणि वरून वाचायला लागली. तिच्या नावाखाली धंदा लिहिला होता: लेडीज टेलरिंग.

“महेशभाऊ, हे कुणाचं?”

“तुमचंच. कागदावर हो, वहिनी.”

“कधीपासून?”

“फाईल उघडली तेव्हापासून. चांगला चाललाय की धंदा. गेल्या साली दोन मशीन घेतल्यात तुम्ही.” ते स्वतःच हसले.

“कुठे आहेत?”

वकिलांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी भारतरावांकडे पाहिलं.

“टॅक्स वाचवायला सगळ्यांच्याच बायकांच्या नावाने फायली असतात,” भारतराव म्हणाले. “समोरच्या भांडीवाल्याची बायको ट्यूशन घेते. चौथी नापास आहे. शेजारच्याची पापड लाटते. कुणी वाचत बसतं का?”

साधनाला अख्खी गल्ली दिसली. दुपारी पंख्याखाली पडलेल्या बाया, आणि कुठल्याशा कपाटात त्यांच्या नावाने राबणाऱ्या दुसऱ्याच बाया.

“जहिदाभाभींना तुम्ही सांगितलंत, मला काही येत नाही. इथे लिहिलंय, आठ वर्षांचा धंदा. यातलं खरं कुठलं?”

“आता इथे वाद नको. घरी बोलू.”

“घरी तुम्ही ताटावरून उठता.” तिचा आवाज चढला नाही. “सही कुठल्या मजकुराखाली आहे ते वाचा, महेशभाऊ.”

वकिलांनी घसा साफ केला. “वरची माहिती खरी आणि पूर्ण आहे, असं मी प्रतिज्ञेवर सांगते… असतं ते छापील.”

“प्रतिज्ञा माझी. खोटं तुमचं.”

“साधना.”

“नाही, ऐका. मी सही करते. परवापासून सातपूरला जाते. मग कागदही खरा होईल, तुमचं कर्जही निघेल.”

महेश वकील जरा पुढे सरकले. त्यांना हा तोडगा पटल्यासारखा दिसला. भारतरावांनी मीटर-पट्टी उचलून पुन्हा ठेवली.

“कागद कागदाच्या जागी,” ते म्हणाले. “बायको कुणाच्या शेडमध्ये कात्री चालवते म्हटल्यावर कॉलेज रोडच्या दुकानाची पायरी कोण चढेल? तीन पिढ्या लागल्या त्या मशीनवरून उठायला. तुला परत बसायचंय?”

“हो.”

“इथे शिवायचं नाही, उसवायचं नाही. नुसतं नाव द्यायचंय, तेही जड होतं का तुला?”

नोकराने घडी घालता घालता हात थांबवला. वकिलांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बोटांत दिलं. साधनाने ते धरलं. कागदावर तिचं नाव टाईप केलेलं होतं, आणि त्या नावाची बाई तिच्यापेक्षा जास्त जगली होती: तिने मशीन घेतल्या, गिऱ्हाइकं सांभाळली, दरवर्षी थोडी वाढली. तिच्या मशीन कुणी विकल्या नव्हत्या. त्या बाईचा साधनाला नवऱ्यापेक्षा जास्त राग आला.

“कर,” भारतराव म्हणाले. “शुक्रवारी बँकेचा माणूस येणार आहे.”

तिने पेन कागदावर आडवं ठेवलं. सहीची जागा कोरीच होती. गादीवरून उठून तिने चपला घातल्या. भारतराव काहीतरी बोलत होते, वकील “वहिनी, वहिनी” करत अर्धवट उभे राहिले होते. कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत ती पायऱ्या उतरली आणि उन्हात निघून गेली.