खड्ड्यात उतरलेली कोंबडी

गोबरगॅसच्या रिकाम्या खड्ड्यातून मिस्त्रीनं टोपली वर ओढली, तर आत माझी कोंबडी मान टाकून पडलेली. काम उरकायची घाई झालेला माझा थोरला मुलगा पाय आत सोडून उतरायच्या बेतात होता. मिस्त्रीनं त्याला बखोटीला धरून मागं खेचलं.

सिलेंडरचा नंबर लागेना म्हणून आम्ही शेणाचा गॅस घेतला होता. दुरुस्तीला आला की हा मिस्त्री आधी कोंबडी मागायचा. मला वाटायचं, रश्श्याला मागतोय.

"आत गॅस आसंल तर हिला आधी कळंल, आक्का."

"आन् ती मेली तर?"

"तर मी उतरत न्हाय."

त्या दिवशी तो टोपीनं तिला वारा घालत बसला. "उठा बाई, उठा," म्हणत होता. माझ्या पोराला नुसतं "गाढवा" म्हणाला.

कोंबडी उठली. थोरलाही जिवंत आहे.